'माल्त्साइट' म्हणजे जेवायचं आमंत्रण नाही हो

ते फॉरवर्ड फिरतंय ना, की जर्मनीत दुपारी कुणी 'माल्त्साइट' म्हटलं म्हणजे तो आपल्याला जेवायला बोलावतोय, ते चुकीचंय. शब्दाचा अर्थ जेवण हे खरं, पण ऑफिसात साधारण अकरा ते दोनमधे कॉरिडॉरमधे कुणी समोर आला की नुसतं नमस्कारासारखं टाकतात, हातात डबा असो नसो, अगदी टॉयलेटच्या दारातही (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलोच). आपणही 'माल्त्साइट' म्हणायचं आणि चालू पडायचं. ताटावर बसलेल्याला म्हटलं तर मात्र ते आपलं 'सावकाश होऊ द्या'. आणि कुणी 'प्रोस्ट माल्त्साइट' म्हणाला तर खूश होऊ नका, तो म्हणतोय झाली ना पंचाईत, आता भोगा.