बारा एमएमच्या सळीची जागा आठ एमएमचा फायबर बार घेऊ शकत नाही

बेळगाव-खानापूर भागात घर बांधणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘ग्लास फायबरचा बार लोखंडाच्या दुप्पट ताकदीचा, वजनाला चौथाई, गंजत नाही. १२ एमएम सळीऐवजी ८ एमएमचा घाला. लॅब टेस्ट पास.’

वजन आणि गंज या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. खानापूरच्या पावसात त्यांचं मोलही मोठं आहे.

पण ‘दुप्पट ताकद’ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला. एफई ५०० (घरबांधणीतली नेहमीची प्रत) सळी ५०० मेगापास्कलला, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन ताणाला, यील्ड होते (कायमची लांबायला लागते), चांगला फायबर बार सुमारे १००० ला तुटतो. १२ एमएम सळीचं क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर, ८ एमएम बारचं ५०. म्हणजे जिथे सळी साधारण ५६ किलोन्यूटनला नुसती यील्ड व्हायला लागते, तिथे फायबर बार ५० लाच तुटून मोकळा झालेला असतो.

त्याहून महत्त्वाचं ते मेसेजमध्ये नाहीच: ताठपणा. लोखंडाचा मॉड्युलस (ताठपणाचं माप) २०० गिगापास्कल, ग्लास फायबर बारचा ५० च्या आसपास. क्षेत्रफळ निम्म्याहून कमी, ताठपणा चौथाई. तेवढ्याच भाराला ८ एमएमचा बार सळीच्या नऊपट ताणला जाणार. घराचा स्लॅब सळी तुटून क्वचितच जातो. तो आधी झोल धरतो, भेगा पडतात, आणि त्या भेगा रोखायचं काम ताठपणाचं असतं.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत यूटीएमवर (सळी ओढून तपासायच्या मशीनवर) सळी ओढताना पाहिलेल्यांना माहीत आहे, ती यील्ड होते, लांबते, एका जागी मानेसारखी बारीक होते, मग तुटते. एफई ५०० ला किमान १२ टक्के लांबणं बंधनकारक आहे. फायबर बार दोनेक टक्क्यांपर्यंत सरळ रेषेत जातो आणि एकदम फुटतो. घरच्यांना इशारा मिळत नाही.

‘टेस्ट पास’ असेल, तर कोणती टेस्ट ते विचारा. उसाचं कांडं लांबीत ओढून तुटत नाही, चरकात आडवं दाबलं की चेंदा होतो. यूटीएमच्या जबड्यात फायबर बारचं तेच होतं. म्हणून दोन्ही टोकं आधी स्टीलच्या नळीत रेझिन (घट्ट होणारी राळ) किंवा ग्राउटने (पातळ सिमेंटच्या मसाल्याने) बसवतात. थेट जबड्यात धरलेल्या बारचा आकडा भरवशाचा नाही. रिपोर्टवर मॉड्युलस हवा, आणि अशा बारसाठीच्या २०२३ च्या भारतीय मानकाचा, आयएस १८२५६ चा, उल्लेख हवा.

शिवाय हा बार साइटवर वाकवता येत नाही, रिंगा (उभ्या-आडव्या सळ्यांना वेढणाऱ्या कड्या) कारखान्यातूनच वाकवून आणाव्या लागतात. आगीत बारमधले काचेचे धागे धरून ठेवणारं रेझिन लोखंडाच्या कितीतरी आधी मऊ पडतं. फायबर बार वापरायचाच असेल तर स्लॅबचं डिझाइन इंजिनिअरकडून त्याच बारसाठी नव्याने करून घ्या. जुन्या नकाशावर नुसता एमएमचा आकडा बदलू नका.