"रक्त बोलतंच" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

"स्वभाव जन्मतःच ठरतो, संस्कारांनी काही फरक पडत नाही, विज्ञानाने सिद्ध केलंय" असा लांबलचक मेसेज फिरतोय. एरवी सोडून दिला असता, पण मामीने तो माझ्या मावसबहिणीला पाठवला, खाली "विचार कर गं" लिहून, आणि ती सध्या मूल दत्तक घ्यायच्या तयारीत आहे. म्हणून हे उत्तर.

पहिला पुरावा म्हणे अमेरिकेतले वेगवेगळ्या घरांत वाढलेले जुळे जिम. दोघांची पहिली बायको लिंडा, दुसरी बेटी, कुत्रा टॉय. गोष्ट खरीच आहे. पण मग बेटीशी लग्न लावणारं जीन असतं का? मिनेसोटात १९७९ पासून अशी वेगळी वाढलेली शंभरावर जुळी-तिळी तपासली, त्या बाकीच्यांच्या बायकांची नावं कोणी फॉरवर्ड करत नाही.

"निम्मा स्वभाव जीन्समधून येतो" हे मात्र बरंचसं बरोबर आहे, मान्य. २०१५ मध्ये जुळ्यांवरचे ५० वर्षांचे अभ्यास एकत्र केले तेव्हा सरासरी ४९ टक्के आलं. पण ते माणसामाणसांतल्या फरकाबद्दल आहे, तुमचा अर्धा राग आजोबांचा असा तो हिशोब नाही, आणि उरलेल्या ५१ चं काय ते मेसेजवाला सांगतच नाही.

आता ज्याने डोकं फिरलं तो मुद्दा: "गुन्हेगारीचं जीन सापडलंय, म्हणून कुणाचं रक्त माहीत नाही असं मूल घरात आणू नये." हे जीन म्हणजे एमएओए, मेंदूतली काही रसायनं मोडणारं एन्झाइम बनवणारं. ज्या अभ्यासामुळे ते इतकं गाजलं तो न्यूझीलंडमधल्या ड्यूनेडिनचा, २००२ चा, आणि तो वाचला असता तर हा मेसेज लिहायची हिंमतच झाली नसती. ४४२ मुलगे लहानपणापासून २६ वर्षांचे होईपर्यंत पाहिले. त्यातल्या तिघांत एकापेक्षा जास्त जणांकडे त्या जीनचं ते "वाईट", कमी काम करणारं रूप होतं, म्हणजे चांगल्या चांगल्या घरांतल्या पोटच्या पोरांकडेही असणारच. आणि ते असूनही ज्यांचा लहानपणी छळ झाला नाही ते इतरांपेक्षा जास्त हिंसक निघाले नाहीत. ज्यांच्याकडे ते होतं आणि वर मारहाण, हेळसांडही झाली, त्यांच्यात प्रमाण खूप वाढलं. नंतरच्या अभ्यासांत आकडे कमीजास्त झाले, पण निष्कर्ष घर द्या असा निघतो की घर नाकारा असा? रोमानियात अनाथालयातल्या १३६ बाळांपैकी निम्मी चिठ्ठ्या टाकून कुटुंबांत दिली, त्यांची बुद्धी आणि माया लावायची क्षमता मागे राहिलेल्यांपेक्षा चांगली वाढली, जितकं लवकर घर मिळालं तितकी जास्त.

एक कबूल करतो, नाइलाजाने. एका घरात वाढल्याने भावंडांचे स्वभाव फारसे सारखे होत नाहीत हे जुळ्यांच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय, तेव्हा "आम्ही घडवलं" म्हणणाऱ्या आईबापांनीही जरा दमानं घ्यावं.

शेवटचा मुद्दा, "वयाच्या ७ वर्षांनंतर माणूस बदलत नाही." विशी-तिशीत माणसं सरासरीने जास्त जबाबदार होतात हे मोजलेलं आहे. आणि जन्मतःच सगळं ठरलं म्हणता ना, मग ती ७ वर्षं कशासाठी ठेवलीत?