खेड्यातल्या पोरांना शेक्सपिअर कशाला?

हा प्रश्न मला नोकरीभर विचारला गेला. आधी गडचिरोली जिल्ह्यातल्या कॉलेजात बी.ए.ला नाटक शिकवताना, आणि पुढे जिल्हा परिषदेच्या इंग्रजी शिक्षकांची प्रशिक्षणं घेताना. विचारणाऱ्यांच्या मनात मुलांची काळजीच असायची, त्यामुळे मला कधी राग आला नाही. पण निवृत्त झाल्यावरही माझं मत तेच आहे. इंग्रजीचा शिक्षक घडवायचा असेल तर जुन्या, कसदार नाटकासारखं साधन नाही. आणि आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या पट्ट्यात, तर ते सगळ्यात जास्त चालतं.

आमच्याकडे धान घरात आलं की नाटकांचे दिवस सुरू होतात. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव जातात. कुठे मंडई म्हणजे गावची जत्रा, कुठे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. जेवणं उरकून माणसं सतरंज्या घेऊन निघतात आणि पहाटे घरी येतात. मांडीवर झोपलेलं पोर गाण्याला जागं होतं, खलनायक आला की आजी त्याला बसल्या जागेवरून शिव्या देते. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना या रंगभूमीचं नाव कळलं. इथल्या पोराला मात्र पात्र का ओरडलं आणि का हळू बोललं हे न शिकवता कळतं. असं तयार कानाचं पोर वर्गात येतं, आणि आपण त्याच्या पुढ्यात धडा ठेवून ओळीखाली मराठी अर्थ लिहायला लावतो. याचं मला आजही वाईट वाटतं.

शिक्षकांचा दोष मी काढत नाही. २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, आणि ते शिकवायचं कुणी? तर ज्यांची स्वतःची एबीसीडी पाचवीत सुरू झाली त्यांनी. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पेपर तपासता येतो, पण चार वाक्यं मोठ्याने बोलायची वेळ कधी आलेलीच नसते. प्रशिक्षणात मग पडद्यावर स्लाइड फिरतात, हजेरीवर सह्या होतात, आणि शिक्षक जसा आला तसाच परत जातो. तोंड उघडायची वेळ तिथेही येत नाही.

कुरखेड्याकडचे एक गुरुजी मला पहिल्याच सत्रात म्हणाले, "मॅडम, पेपर सोडवून देतो, पण बोलाले नका लावू जी." मी त्यांना शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मधलं अँटनीचं भाषण दिलं, तिसऱ्या अंकातलं. सीझरचा खून झाल्यावर त्याचा मित्र अँटनी रोमच्या लोकांपुढे बोलतो ते. बाकीचे सगळे रोमचे नागरिक. "आय कम टु बरी सीझर, नॉट टु प्रेझ हिम." या ओळीत पाच ठोके आहेत: कम, बरी, सीझर, नॉट, प्रेझ. आपण मराठी माणसं प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन देतो, म्हणून आपलं इंग्रजी सपाट ऐकू येतं. गुरुजींना मी टेबलावर हाताने ठोके द्यायला सांगितलं. दोन-तीनदा अडखळले, मग हात आणि तोंड जुळलं.

खरी मजा पुढे आहे. ब्रूटस हा सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक, आणि "ब्रूटस इज ॲन ऑनरेबल मॅन" हे अँटनी पुन्हा पुन्हा म्हणतो. शब्द तेच, पण पहिल्यांदा त्यात आदर आहे, नंतर शंका आहे, शेवटी उघड आरोप. गुरुजी पहिल्यांदा नुसतं वाचून गेले. पुढच्या वेळी "ऑनरेबल"वर जरा थांबले. त्यापुढच्या वेळी त्यांनी मान वळवून नागरिकांकडे पाहिलं आणि तो शब्द असा काही ओढला की मागच्या बाकावरून आपोआप आवाज उठला. आघात, चढउतार, विराम, सगळं त्या एका वाक्यात आलं. हे मी फळ्यावर आठवडाभर शिकवलं असतं तरी आलं नसतं. नंतर गुरुजी स्वतःच म्हणाले, "हे तं आपल्या नाटकातल्या पाटलावानी बोलते जी!"

आणि वर्गात साठ पोरं असली तरी हा प्रवेश अडत नाही. अँटनी एकच, बाकी सगळी गर्दी. सीझरने मृत्युपत्रात प्रत्येक नागरिकाला ७५ द्राख्मा, म्हणजे नाणी, ठेवलीत हे ऐकल्यावर गर्दी कशी फिरते, हे आमच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. निवडणुका त्यांनी पाहिल्यात.

इब्सेनचं 'ॲन एनिमी ऑफ द पीपल' १८८२ चं, नॉर्वेमधलं. गावाच्या स्नानगृहांचं पाणी दूषित आहे हे डॉक्टर सिद्ध करतो, आणि त्याचा सख्खा भाऊ, जो गावाचा महापौर आहे, तोच ते दाबायला बघतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, पिवळे पडलेले दात पोरांनी घरात पाहिलेत. हे नाटक शिकवताना एका मुलीने विचारलं, "रिपोर्ट खरा असून लोक डॉक्टरच्याच मागं काहून लागले, मॅडम?" मी म्हटलं, हेच इंग्रजीत विचार. मोडकंतोडकं विचारलं. उत्तर द्यायला तिघं उठले, तेही इंग्रजीत. काळ चुकले, क्रियापदं चुकली, पण बोलणं थांबलं नाही. चुका नंतर दुरुस्त करता येतात. बोललेलंच नाही ते काय दुरुस्त करणार?

हे काही मी नव्याने शोधलेलं नाही. अकोल्यात शिक्षक असलेल्या विष्णु मोरेश्वर महाजनींनी शेक्सपिअरच्या 'सिम्बेलिन'वरून 'तारा' हे मराठी नाटक लिहिलं. अकोल्यातच शिकलेल्या त्यांच्या विद्यार्थ्याने, आगरकरांनी, १८८३ मध्ये 'हॅम्लेट' 'विकारविलसित' म्हणून मराठीत आणलं. दीडशे वर्षांपूर्वी वऱ्हाडात मास्तर आणि विद्यार्थी दोघांनाही शेक्सपिअर झेपत होता. आज झेपणार नाही हे आपण कशावरून ठरवलं?

युवकभारती या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात अकरावीला नाटकाचा स्वतंत्र भाग आहे. तो वर्गात उभा राहून करता, की प्रश्नोत्तरं देऊन पुढे जाता? कॉमेंटमध्ये खरं सांगा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातल्या कुणाला शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, हा अँटनीचा प्रवेश घ्यायचा असेल तर मेसेज करा, मी येते. मानधन नको. एक वर्गखोली आणि दोन तास द्या, आणि त्या दोन तासांत प्रोजेक्टर बंद ठेवा.