घरबसल्या म्हणे!

रात्रीचे पावणेतीन वाजलेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेलचा कारखाना, जिन्याखालची खोली, आणि सुताच्या कोनांच्या खोक्यावर बसलेला मी. पलीकडं लूमचा खडखडाट चालूच आहे. मे महिना आहे, दिवसभर तापलेला पत्रा अजून धग टाकायलाय. राउटर बंद करून चालू केलाय, तो उठेपर्यंत हे लिहून टाकतो, नाहीतर डोकं फुटेल माझं.

ज्या डबड्यामुळं मी आत्ता इथं आहे, ते डबडं मी रात्रीबेरात्री इथं यायला लागू नये म्हणून घेतलं होतं.

आठ पोर्टांचा रिमोट सिरियल स्विच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. राउटर, नेटवर्कचा स्विच, यूपीएस, डाईंगच्या रेसिपी ठेवलेला जुना लिनक्स सर्व्हर, गेटवरच्या वजनकाट्याचा इंडिकेटर, या प्रत्येकाला पाठीमागं एक सिरियल भोक असतं, एकामागून एक बिट पाठवणारं जुन्या पद्धतीचं. नेटवर्क मेलं तरी त्या भोकातून यंत्राशी बोलता येतं. ही सगळी भोकं एका डबड्याला आणून जोडायची, डबड्याला एक आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, द्यायचा, आणि मग जुळे सोलापुरात आपल्या घरी कूलरसमोर बसून पाहिजे त्या यंत्राला हाक मारायची. विकणारा म्हणाला, "सर, अर्ध्या तासाचं काम आहे. मग सगळं घरबसल्या." आज अकरावा दिवस आहे.

खोकं उघडलं. आत डबडं, पॉवर कॉर्ड, चार स्क्रू आणि एक सीडी. सीडी! माझ्या लॅपटॉपला सीडीचं तोंड नाही, गेल्या तीन लॅपटॉपना नव्हतं. आणि ज्या केबलनं सेटिंग करायचं ती केबल खोक्यात नाही. बरं, सेटअपचं भोक दिसायला हुबेहूब नेटवर्कच्या भोकासारखं. माझ्या हाताखालच्या पोरानं त्यात नेटवर्कची केबल खुपसली आणि दिवा लागायची वाट बघत बसला. त्याला काय बोलणार? भोकाचा आकार बघून माणूस केबल लावतो. त्या भोकात नेटवर्क नाही, सिरियल आहे, हे बाहेर कुठंही लिहिलेलं नाही. चष्मा लावून बघितलं तर "सेटअप" एवढंच, तेही मुंगीच्या अक्षरात.

लॅपटॉपला सिरियल पोर्ट नाही, म्हणून नवी पेठेत जाऊन यूएसबीचा कन्व्हर्टर आणला. लावला तर पिवळं उद्गारचिन्ह. चिप नकली. ड्रायव्हर ओळखतो आणि चालायचं नाही म्हणतो. परत गेलो. दुकानदार म्हणतो, "नेटवरून जुना ड्रायव्हर टाका की, चालतंय." अरे, नकली माल तू विकायचा आणि ड्रायव्हर मी शोधत बसायचा? दुसरा कन्व्हर्टर घेतला, दुप्पट पैसे मोजून. तो चालला, पण त्याची वेगळीच तऱ्हा. डाव्या भोकात लावला तर लॅपटॉप त्याला कॉम ५ हा पोर्ट नंबर देतो, उजव्या भोकात लावला तर कॉम ११. वस्तू तीच, माणूस तोच, फक्त कूस बदलली की पत्ता बदलतो.

आणि मग सुरू झाला काळा पडदा.

माझा खरा राग इथं आहे. बाकी कुठलंही यंत्र बिघडलं तर काहीतरी सांगतं. लूमचा धागा तुटला तर लूम थांबते आणि दिवा लावते. हे मेलं सिरियल मात्र काही म्हणजे काही सांगत नाही. केबल चुकली, पडदा काळा. पिना उलट्या, पडदा काळा. चुकून लॅपटॉपच्या ब्लूटूथचाच कॉम पोर्ट उघडला, तरी काळाच. डबडं बंद आहे, काळा. डबडं चालू आहे आणि तुम्ही एंटर दाबावं म्हणून शांतपणे वाट बघतंय, तरीही काळा! पाच आजार आणि लक्षण एकच. डॉक्टरनं काय करायचं, सांगा.

पाप १९६० सालचं आहे. आरएस-२३२ ही पद्धत तेव्हा अमेरिकेत ठरली, टेलिप्रिंटरसारखी टर्मिनलं, म्हणजे टाईप करून बोलायची यंत्रं, टेलिफोनच्या मोडेमला जोडायला. म्हणून त्यात दोन जाती धरल्या, एक टर्मिनलची, एक मोडेमची. नऊ पिनांच्या कनेक्टरवर टर्मिनल तीन नंबरच्या पिनेवर बोलतं आणि दोन नंबरवर ऐकतं, मोडेमचं याच्या उलट. दोन जाती समोरासमोर असल्या की सरळ तार चालते. पण आता मोडेम राहिलाय कुठं? दोन्हीकडं टर्मिनलच. दोघंही तीनवर बोलणार, दोघंही दोनवर कान लावून बसणार. आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांनी नळाला पाणी आलं की जसं सगळे एकदम बोलतात आणि ऐकत कुणीच नाही, तसं.

शेवटी मल्टीमीटर काढला. पाच नंबरची पिन ग्राउंड, तिच्याशी दोन आणि तीन तपासायच्या. जी पिन बोलणारी असते ती गप्प असतानाही उणे व्होल्ट धरून बसते, माझ्या कन्व्हर्टरला उणे साडेपाच आले. ऐकणारी शून्याच्या आसपास राहते. दोन्ही टोकांना तीन नंबरलाच उणे. सापडलं! म्हणजे दोन आणि तीन आडव्या मारायच्या. हे मॅन्युअलच्या पहिल्या पानावर एका ओळीत सांगता आलं असतं. मॅन्युअलच्या पहिल्या पानावर होतं, "अभिनंदन."

अन् नऊ पिनांचं एक बरं म्हणायचं, निदान पिनांचे नंबर ठरलेले आहेत. नेटवर्कसारख्या दिसणाऱ्या आठ तारांच्या भोकात तर प्रत्येक कंपनीची वेगळी जुळणी. आमच्या राउटरला ती निळी चपटी केबल लागते, जिची एका टोकाची पहिली तार दुसऱ्या टोकाला आठवी होते. यूपीएसला ती लावली की गप्प. पाच यंत्रांना पाच तऱ्हेच्या केबली मी हातानं बनवल्यात, आणि प्रत्येकीला पांढरी चिकटपट्टी लावून पेननं नाव लिहिलंय. कुणी त्या पट्ट्या काढल्या तर मी त्याला सिद्धेश्वर तलावात बुडवीन.

पिना जुळल्यावर पडद्यावर कचरा आला. उलटे प्रश्नचिन्ह, चौकोन, कुठल्या भाषेतलीही नसलेली अक्षरं. मी आनंदानं ओरडलो, "आला रे!" पोरगं माझ्याकडं बघत राहिलं. त्याला सांगितलं, कचरा येतोय म्हणजे तार बरोबर आहे, वेग चुकलाय. मॅन्युअल म्हणतं सेकंदाला ९६०० बिट. डबडं बोलत होतं १,१५,२०० नं. बहुतेक विकणाऱ्यानं आधी कुणाला तरी दाखवायला उघडलं असावं आणि तसंच ठेवलं असावं. नवीन म्हणून विकलं मला! टाचणी घालून आतलं बटण दाबून धरलं, सगळं मूळ पदावर आणलं, ९६०० झालं. अक्षराचे ८ बिट, पॅरिटी म्हणजे चूक पकडायचा बिट नाही, अक्षर संपल्याचा स्टॉप बिट १. एका अक्षराला सुरुवातीचा धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. मेन्यूचं एक पान डोळ्यांदेखत वरून खाली उतरतं, म्हाताऱ्या माणसानं जिना उतरावा तसं.

आयपी द्यायला गेलो तर डबड्याचा मूळ आयपी आणि कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचा आयपी एकच. डबडं नेटवर्कला लावलं आणि कॅमेरे गायब. दोन मिनिटांत वॉचमन मामा हजर, "साहेब, टीव्ही बंद पडला की." आयपी बदलला. पाच पोर्टांची सेटिंग केली, दीड तास लागला. लाईट गेली. लाईट आली. डबडं परत कोरं. कारण "अप्लाय" म्हणजे आत्तापुरतं, आणि कायमचं ठेवायला वेगळा "सेव्ह", तो तिसऱ्या मेन्यूत, तळाशी. यूपीएस होता की, म्हणाल. यूपीएसची सिरियल केबल तपासायला डबडं मीच साध्या प्लगवर काढलं होतं. हा माझा गाढवपणा, मान्य. बाकीचे दहा दिवस माझे नाहीत.

हो, आणि कंट्रोल-एस! वीस वर्षांची सवय, हात आपोआप सेव्ह करायला जातो. सिरियलवर कंट्रोल-एस म्हणजे "थांब, बोलू नकोस". पडदा गोठला. मला वाटलं डबडं मेलं. प्लग काढला, लावला, परत सगळं. तिसऱ्यांदा झाल्यावर आठवलं की कंट्रोल-क्यू दाबलं की सुटतं. आणि वजनकाट्याच्या पोर्टवर आरटीएस-सीटीएस, म्हणजे वेगळ्या तारांवरून परवानगी घेऊन मगच बोलायची पद्धत, चालू राहिलं होतं. केबलीत ताराच तीन. परवानगीची तारच नाही, तर परवानगी येणार कुठून? डबडं आपलं काट्याला काही म्हणायच्या आधी "बोलू का" म्हणून वाट बघत बसलं होतं, अख्खी दुपार.

पण या सगळ्यावर कडी केली ती त्या लिनक्स सर्व्हरनं. सहाव्या दिवशी सर्व्हर आपला रेंगाळायला लागला. लॉग उघडला तर चुकीच्या लॉगिनच्या हजारो ओळी. पोटात गोळा आला. कुणीतरी बाहेरून घुसायला बघतंय! नेटवर्कची केबल काढली. ओळी वाढतच. राउटर बंद केला. वाढतच. कळायला तास गेला. डबड्याचा तो पोर्ट अशा मोडमध्ये होता की समोर जो असेल त्याला माणूस समजून ते विचारणार, "नाव सांगा." समोर सर्व्हर. त्याचाही सिरियलवर तोच धंदा, "लॉगिन?" डबड्यानं विचारलेलं सर्व्हरनं नाव म्हणून घेतलं आणि पासवर्ड मागितला. सर्व्हरनं मागितलेला पासवर्ड डबड्यानं नाव म्हणून घेतला आणि त्यानंही पासवर्ड मागितला. रात्रभर दोघं एकमेकांना "तू कोण बे?" "तू कोण बे?" विचारत बसलेले. दोघंही सोलापूरचेच निघाले म्हणायचे.

त्यात एक सेटिंग होतं. एकच. पोर्टवरची सूचना बंद करायची, म्हणजे डबडं स्वतःहून तोंड उघडत नाही. नाव त्याचं असं ठेवलंय की त्यातून काहीही अर्थ लागू नये.

मग बाहेरून जोडणी. टेलनेट चालतं, पण त्यात पासवर्ड उघडा जातो, म्हणून कुलूप लावून बोलणारं एसएसएच चालू केलं. माझ्या नव्या लॅपटॉपनं सांगितलं, याची कुलपं फार जुनी आहेत, मी बोलणार नाही. जुन्या पद्धतींना मुद्दाम परवानगी द्यावी लागली. म्हणजे सुरक्षित करायला गेलो आणि सुरक्षेलाच भोक पाडून आलो. इंटरनेटवाल्यानं दिलेला पत्ता १०० नं सुरू होणारा, दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या पट्ट्यातला. म्हणजे खरा सार्वजनिक पत्ता नाहीच, शेकडो गिऱ्हाईकं एकाच दाराआड. बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. म्हणून राउटरकडूनच बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरला व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारा खासगी बोगदा, लावलं, आणि काल संध्याकाळी, देवाची शपथ, घरी बसून मी वजनकाट्याचा आकडा बघितला. बायकोला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "अहो, शून्यच दिसतंय की." काट्यावर गाडी नव्हती. शून्यच दिसणार.

आणि आज रात्री दीडला फोन. नेट बंद. राउटर लटकला.

आता बघा. राउटर लटकला तर मी डबड्यात शिरून राउटरच्या पाठीमागच्या भोकातून त्याला उठवणार, यासाठीच तर सगळा खटाटोप. डबड्यात शिरायचं व्हीपीएननं. व्हीपीएन कुणावर? राउटरवर. विहिरीत पडलेल्याला काढायची दोरी विहिरीतच.

आणि हे मला माहीत नव्हतं असं नाही! म्हणून तर तळपायाची आग मस्तकात जायलीय. पहिल्याच दिवशी मालकांना म्हणालो होतो, "मालक, याला वेगळा रस्ता लागतो. एक सिमवालं मोडेम घ्या, फक्त या डबड्यासाठी." मालक म्हणाले, "परत सिम कशाला बे? एक इंटरनेट भरतोय की महिन्याला." एका मोडेमचे पैसे वाचवले. ते पैसे अकरा दिवसांत माझ्या पेट्रोलमध्ये गेले, ते कुणी मोजलं नाही.

मघाशी फोनवर मालक अर्धवट झोपेत म्हणाले, "बरं, घे मग ते सिम." घेतो. पण या पत्र्याखाली कुठल्या सिमला रेंज येते ते आधी बघायला लागणार. माझ्या मोबाईलला इथं एक काडी आहे, तीही खिडकीबाहेर हात काढला तर. म्हणजे मोडेम खिडकीला, खिडकीपासून जिन्याखाली केबल, आणि ती केबल ओढायला उद्या परत मीच.

उठला राउटर. मामा कटिंग घेऊन आलेत. म्हणतात, "साहेब, रोज येणं-जाणं करण्यापेक्षा इथंच खाट टाका की."