तो किटकॅटवाला फोन आणा हो एकदा ऑफिसात!

चवथीआधी ॲप द्यायचंय. बाकीचे शेवटच्या चुका निस्तरतायत आणि मी फोंड्यात बसून एम्युलेटरवर, म्हणजे पीसीतल्या नकली फोनवर, किटकॅट उठतंय का बघतोय. किटकॅट! २०१३ सालचं अँड्रॉइड! गिऱ्हाईक एक पतसंस्था, पिग्मी गोळा करणाऱ्या एजंटांसाठी ॲप हवंय. करारात कुणीतरी ठोकून दिलंय, '४.४ (म्हणजे किटकॅटच) पासून पुढे सगळीकडे चाललं पाहिजे'. का? तर म्हणे आमचे एजंट साधी माणसं. अहो, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या विकणारी बाईसुद्धा यूपीआय घेते. साधी माणसं म्हणे!

आधी ते उठवायचं कशावर? ऑफिसात नवे मॅक आहेत, ॲपलच्या स्वतःच्या चिपवाले. किटकॅटच्या इमेज (एम्युलेटरमध्ये घालायच्या तयार प्रती) इंटेलच्या एक्स८६ चिपच्या, नाहीतर जुन्या ३२ बिट आर्म चिपच्या; अँड्रॉइडला ६४ बिट आलं ते लॉलिपॉपपासून. मॅकवरच्या एम्युलेटरला यातलं काहीच चालत नाही. म्हणून कोपऱ्यातला जुना विंडोजचा डबा पुसून घेतला. त्यात हॅक्सम, एम्युलेटरला वेग देणारं सॉफ्टवेअर, जे इंटेलने २०२३ मध्येच सोडून दिलं. आणि पावसाळ्यात इथली लाईट! इन्व्हर्टर काही त्या डब्याला पोचत नाही. चालू, बंद, पुन्हा चालू.

एवढं करून स्क्रीन आली, लॉगिन दाबलं, तर 'हँडशेक फेल'. फोन आणि सर्व्हरमधलं बोलणं गुप्त ठेवते ती पद्धत टीएलएस; आमचा सर्व्हर तिच्या १.२ च्या खाली बोलत नाही. ४.४ ला ते येतं, पण आपणहून वापरत नाही. जोडणी उघडणारा कोड (सॉकेट फॅक्टरी) हाताने लिहून चालू करावं लागतं. केलं. मग सर्टिफिकेट नापास. सर्व्हरवर लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट (सर्व्हरचं ओळखपत्र), आणि त्यांचं रूट, म्हणजे मूळ सर्टिफिकेट, ७.१.१ च्या आधीच्या अँड्रॉइडला ओळखीचंच नाही. ते ॲपमध्ये कोंबा. मग मल्टिडेक्स, म्हणजे कोड अनेक फाइलींत तोडणं, कारण डाल्विकला (किटकॅटमध्ये ॲप चालवणाऱ्या यंत्रणेला) एका फाइलीत ६५,५३६ च्या वर मेथड झेपत नाहीत. नव्या लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) किमान २१ नाहीतर २३ एपीआय, म्हणजे अँड्रॉइडच्या आवृत्तीचा क्रमांक, मागतात, किटकॅट म्हणजे १९. म्हणजे जुन्याच लायब्रऱ्या धरून बसा, आणि चांगला फोन असलेल्यांच्याही माथी त्याच मारा.

गूगलने स्वतः २०२३ मध्ये किटकॅटसाठी प्ले सर्व्हिसेसचे (ॲपना लागणाऱ्या गूगलच्या सेवांचे) अपडेट बंद केले. गूगल म्हणतं पुरे, आणि आमची पतसंस्था म्हणते चालू दे! वर हे पैशांचं ॲप. सुरक्षेचा एकही पॅच न येणाऱ्या फोनवर लोकांची रोजची पिग्मी नोंदवायची, आणि याला म्हणायचं गरिबाची काळजी.

खरा संताप पुढेच आहे. सर म्हणतात, "एवढं मनावर घेऊ नकोस रे, एम्युलेटरवर चालल्याचा स्क्रीनशॉट पाठव, विषय संपला." कसला संपला? एम्युलेटरला मी पीसीची हवी तेवढी रॅम देतो. किटकॅट ५१२ एमबीच्या फोनांतही चालावं म्हणून बनवलेलं, त्यातल्या खऱ्याखुऱ्या फोनवर हे धूड लॉगिनपर्यंत तरी पोचेल का? ते कुणालाच तपासायचं नाहीये. फक्त करारातल्या रकान्यात बरोबरची खूण हवी.

मी मेल टाकलाय. ज्या एजंटाकडे ४.४ चा फोन आहे त्याला फोनसकट फोंड्याला पाठवा, कदंबा बसचं तिकीट माझ्या खिशातून. उत्तर आलं, "यादी काढतो." यादी अजून निघतेय, आणि आता विचारतायत की जुन्या आयफोनचं पण तेवढं बघून घ्याल का.