रिलोडिंगची जुनी अवजारं: धोका नेमका कुठे असतो?

रिलोडिंग म्हणजे झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी नवा प्रायमर (बुडाशी बसणारी, ठिणगी देणारी टोपी), बंदुकीची दारू आणि गोळी घालून पुन्हा भरणं. अमेरिकेत नेमबाजीची आवड जडलेल्या आपल्या मराठी मंडळींत त्याबद्दल एक दावा सध्या हातोहात फिरतोय. त्याचं सार असं: लायमन कंपनीचा 310 आणि त्याआधीची आयडियल कंपनीची हातात धरायची अवजारं, हातोडीने ठोकून चालणारा ली लोडर, ‘सी’ आकाराचे छोटे प्रेस (पुंगळ्या दाबायची दांड्याची यंत्रं), हे सगळं काचेच्या कपाटात शोभेला ठेवायचं. त्यावर भरलेली काडतुसं धोक्याची असतात, नेम धरत नाहीत, डाय (पुंगळीला आकार देणारे, गोळी बसवणारे पोलादी साचे) मिळत नाहीत आणि वेळ फुकट जातो. शिकणाऱ्याने सरळ मोठा प्रोग्रेसिव्ह प्रेस, म्हणजे एका ओढीत अनेक क्रिया करणारा, घ्यावा.

हा सल्ला मला चुकीचा वाटतो, आणि त्यातला धोक्याचा मुद्दा तर पार उलटा आहे. आधी एक खुलासा करतो, की हे सगळं अमेरिकेबद्दल आहे. तिथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. राज्याचे नियम ज्याचे त्याने पाहावेत. भारतात शस्त्र कायदा, 1959 खाली दारूगोळा बनवायला परवाना हवाच. तेव्हा पुण्यात किंवा पणजीत बसून कुणी हे करून पाहायला जाऊ नये.

आता धोका. भरलेल्या काडतुसाने बंदूक फाटते ती मुख्यतः तीन कारणांनी. दारू चुकीची किंवा जास्त पडली. एकाच पुंगळीत दोनदा पडली. किंवा पडलीच नाही, नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत जाऊन अडकली आणि मागून दुसरी झाडली गेली. यातल्या एकाही कारणाचा प्रेसच्या वजनाशी संबंध नाही. .38 स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचं उदाहरण घ्या. 1898च्या सुमाराचं हे काडतूस काळ्या दारूच्या मापाचं आहे, त्यामुळे पुंगळी लांब. आजची जलद जळणारी धूरविरहित दारू त्यात तळाशी थोडीशीच दिसते. दुप्पट पडली तरी पुंगळीत आरामात मावते, बाहेर सांडून ती तुम्हाला सावध करत नाही. अशा वेळी कामाला येते ती एकच सवय: प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहणं आणि लगेच गोळी बसवणं. एकेक काडतूस हाताने भरताना ही सवय आपोआप लागते. प्रोग्रेसिव्हवर मध्येच काही अडकलं, दांडा अर्धा मागे-पुढे झाला, की कुठल्या पुंगळीत दारू पडली आणि कुठल्या नाही हा घोळ नेमका तिथेच होतो. अनुभवी माणूस तो निस्तरतो. नवशिक्याला तो झालेलाच कळत नाही.

लायमन 310 हा दिसायला थेट आपल्या अडकित्त्यासारखा. दोन दांडे, मधे बिजागरी, एका बाजूला डाय आटे फिरवून बसवायची. प्रायमर बसवताना दांडे दाबले की आधी किंचित अडतं, मग तो घट्ट सरकतो आणि तळाला टेकल्याचं तळहाताला स्पष्ट कळतं. एखादा प्रायमर अजिबात न अडता सुळकन आत गेला, तर त्या पुंगळीची खोबणी सैल झाली आहे. ती बाद करायची. मोठ्या प्रेसच्या लांब दांड्याला इतका जोर असतो की हा फरक हाताला जेमतेम पोचतो. पुंगळीच्या मानेला बारीक चीर गेली असेल तर इतर पुंगळ्यांवर आपटल्यावर तिचा आवाज बद्द येतो. एकेक पुंगळी हातातून जाते तेव्हाच हे कानाला लागतं.

ली लोडरबद्दलची एक तक्रार मात्र खरी आहे. त्यात प्रायमर हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी बसवतात आणि कधीतरी एखादा फटकन उडतो. त्या वेळी पुंगळीत दारू नसते, पण डोळ्यांवर चष्मा आणि कानांत बोळे हवेतच. ज्याला हे नको त्याने प्रायमरपुरतं वेगळं हातातलं अवजार घ्यावं.

दावा करणाऱ्यांनी जो खरा धोका सांगितलाच नाही, तो जुन्या पेटीत लोखंडाशेजारी पडलेला असतो. जॉन बार्लोने 1884 मध्ये न्यू हेवनला आयडियल कंपनी काढली, 1925 मध्ये ती लायमनकडे गेली. त्या काळच्या माहितीपुस्तिकांत दिलेल्या कित्येक दारू आज बनतच नाहीत. काही दारू तर मुद्दाम अशा बनवल्या होत्या की काळ्या दारूच्याच मापाने, आकारमानावर भरता याव्यात. त्या तक्त्यातला आकडा उचलून आजची दाट दारू त्याच मापाने घातली, तर अवजार कितीही चांगलं असो, बंदूक वाचणार नाही. ली लोडरसोबतचा जुना कागद आणि दारू मापायचा चमचाही तसाच: चमचा ठेवा, पण त्यात किती ग्रेन (दारू तोलायचं एकक) येते हे तराजूवर तोला आणि तक्ता आजच्या पुस्तकातला वापरा. गंजक्या डब्यातली, आंबूस वास येणारी दारू वापरू नका. जुन्या पुंगळ्यांत काही ‘बलून हेड’ असतात, म्हणजे बुडाशी पितळ पातळ; त्याही बाजूला काढा. पाऱ्याचं मिश्रण असलेल्या जुन्या प्रायमरने पितळ ठिसूळ होतं, हेही लक्षात असू द्या. जुन्या पेटीतून घ्यायचं ते फक्त पोलाद.

नेम धरत नाही म्हणतात, त्यांनी बेंचरेस्टच्या, म्हणजे बंदूक टेबलावर टेकवून गोळ्या जास्तीत जास्त जवळजवळ पाडायच्या, स्पर्धेला एकदा जावं. सगळ्यात बारीक गट पाडणारी ही मंडळी मैदानावरच, दोन फेऱ्यांच्या मधे, काडतुसं भरतात. त्यांच्याकडे गोळी बसवायला एल. ई. विल्सनसारखी हातातली सरळ डाय आणि ती दाबायला टेबलावर मावणारा छोटासा आर्बर प्रेस असतो. दारूसुद्धा बरेच जण न तोलता मापानेच टाकतात. त्याच्याही आधीच्या, जर्मन परंपरेतल्या शुत्झन नेमबाजांकडे पाहा. नळ्या घडवणारा नामांकित कारागीर हॅरी पोप याच्या बंदुकीत गोळी नळीच्या तोंडाकडून खाली सारायची आणि दारू भरलेली पुंगळी मागून घालायची. एकच पुंगळी पुन्हापुन्हा भरत अख्खी स्पर्धा काढायची. गोळी पुंगळीच्या रेषेत सरळ बसली, पुंगळ्या एकसारख्या असल्या आणि नळी चांगली असली की नेम बसतो.

हां, झाडल्यावर पुंगळी फुगते, ती पुन्हा आवळावी लागते; आणि 310 फक्त तिची मान (गोळी धरणारं तोंड) आवळतो, पूर्ण पुंगळी नाही. हाताने खिट्टी ओढायच्या बोल्टच्या रायफलीत, त्याच बंदुकीत झाडलेली पुंगळी पुन्हा भरायला तेवढं बहुधा पुरतं, कारण ती त्याच चेंबरच्या (नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेच्या) मापाने फुगलेली असते. सेमी-ऑटोमॅटिकला आणि खालची दांडी ओढून चालणाऱ्या बऱ्याचशा लिव्हर-ॲक्शनला नाही पुरत. तिथे पूर्ण आवळणारी डाय आणि प्रेस लागणारच.

सी आकाराचा सांगाडा ताणाखाली उघडतो, हा आक्षेप मोठ्या रायफलीची पुंगळी पूर्ण आवळताना खरा ठरतो. पिस्तुलाच्या पुंगळीला किंवा गोळी बसवायला इतका जोर लागतच नाही. विकत घेताना रॅम (पुंगळी वर ढकलणारा दट्ट्या) वर करून हाताने हलवून पाहा. खडखडत असेल तर सोडून द्या.

डाय मिळत नाहीत हे तर अर्धसत्य आहे. 7/8 इंच व्यास आणि इंचाला 14 आटे हे माप पॅसिफिक, आरसीबीएस अशा कंपन्यांच्या कितीतरी जुन्या प्रेसना चालतं आणि आजची नवी डाय त्यांत सरळ बसते. अडचण येते ती 310च्या लहान आट्यांची आणि हर्टर्स कंपनीच्या स्वतःच्या घडणीच्या शेल होल्डरची (पुंगळीचं बूड धरणाऱ्या भागाची). ते घेण्याआधी आपल्या कॅलिबरचे भाग सोबत आहेत का ते पाहून घ्यावं.

राहिला वेळ. वर्षाकाठी हरणाच्या शिकारीच्या मोसमापुरत्या दोन-चार डबे गोळ्या लागणाऱ्याला वेळेची तक्रार नसते. दर आठवड्याला शेकड्यांनी 9 मिलिमीटर झाडणाऱ्याने खुशाल प्रोग्रेसिव्ह घ्यावा. मात्र त्यानेही पहिले काही डबे एकेक करून भरावेत. प्रोग्रेसिव्हवर दांड्याच्या एका ओढीत चार-पाच क्रिया एकदम होतात, आणि त्यातली कोणती बिघडली हे ओळखायला ती आधी सुटी करून हाताखालून गेलेली असावी लागते.