खुलासा: ‘तुरुंगात गेलो नाही, म्हणजे ग्रीन कार्ड सुरक्षित’ हे खरे नाही

अमेरिकेतल्या ग्रीन कार्डधारकांमध्ये एक मेसेज फिरतो आहे: किरकोळ चोरीची केस झाली तर गुन्हा कबूल करून टाका, शिक्षा स्थगित होते, पुढे रेकॉर्ड पुसून मिळते, इमिग्रेशनचा प्रश्नच येत नाही. कृपया यावर विसंबू नका.

इमिग्रेशन कायद्यात ‘दोषसिद्धी’ची व्याख्या वेगळी आहे. कबुली दिली आणि न्यायाधीशांनी दंड, प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेख) असे काहीही लादले, की ती दोषसिद्धी. स्थगित शिक्षाही पूर्ण मोजली जाते. त्यामुळे दुकानातल्या चोरीला ३६५ दिवसांची स्थगित शिक्षा झाली, तर एक रात्रही कोठडीत न काढता ती ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’, म्हणजे इमिग्रेशन कायद्यात हद्दपारी ओढवणारा गंभीर गुन्हा, ठरू शकते. शिक्षा ३६४ दिवसांची असेल तर ते कलम लागत नाही. हा एक दिवस वकिलाने कबुलीआधीच वाटाघाटीत मिळवायचा असतो. रेकॉर्ड नंतर पुसले तरी इमिग्रेशनच्या लेखी दोषसिद्धी सहसा कायम राहते.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या ‘पडिला विरुद्ध केंटकी’ (२०१०) निकालानुसार हद्दपारीचा धोका सांगणे बचाव पक्षाच्या वकिलाचे कर्तव्य आहे. कबुलीवर सही करण्याआधी त्यांना स्पष्ट विचारा.

हद्दपारीची नोटीस आधीच आली असेल तर ‘कॅन्सलेशन ऑफ रिमूव्हल’ (हद्दपारी रद्द करण्याची सवलत) मागता येते. अटी अशा: ग्रीन कार्ड मिळून ५ वर्षे, रीतसर प्रवेशानंतर ७ वर्षे सलग वास्तव्य, आणि ॲग्रव्हेटेड फेलनी नको. इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चाने वकील सहसा मिळत नाही, तो स्वतः शोधावा लागतो. तारीख मात्र चुकवू नका; गैरहजेरीतही हद्दपारीचा आदेश निघतो.